हापूस, थिबा आणि एक सही

रत्नागिरी म्हटलं की काय आठवतं? हापूस, समुद्र, टिळकांचं जन्मघर, थिबा पॅलेस... बहुतेकांची यादी इथेच संपते. वीकेंडला आलेले मुंबई-पुणेकर भाट्याच्या किनाऱ्यावर फोटो काढतात, रत्नदुर्गावरून समुद्र बघतात, गणपतीपुळ्याला हात जोडतात आणि आंब्याच्या पेट्या डिकीत घालून परत फिरतात. या यादीत मी आणखी एका गोष्टीची भर घालणार आहे. अंतराळवीरांच्या सह्या! तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय? पण थांबा, सांगते.

आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचे मामा टपाल खात्यातून रिटायर झालेत. भाट्याचा पूल ओलांडला की पावसच्या रस्त्याला त्यांचं घर. चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, मागे पोफळी. आम्ही पोचलो तो मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. या दिवसांत कोकणातल्या घराघरांत पावसाळ्याची बेगमी चालते. आमसुलं बरणीत जातात, आंबापोळीचे शेवटचे थर वाळत असतात, लाकडं कोरड्या जागी रचली जातात. मामांकडे हे सगळं मामी बघतात. मामा बघतात पाकिटं.

पाकिटं म्हणजे फर्स्ट डे कव्हर्स. नवं तिकीट निघतं त्या दिवशी ते चित्राच्या पाकिटावर लावून त्याच तारखेचा खास शिक्का मारतात, ती. मामांकडे असे सहा अल्बम आहेत आणि सगळे एकाच विषयाचे, अंतराळाचे. त्यातलं मानाचं पान ३ एप्रिल १९८४ चं. भारत-सोव्हिएत अंतराळ मोहिमेसाठी निघालेलं तीन रुपयांचं तिकीट, वर शिक्का आणि कोपऱ्यात निळ्या बॉलपेनची सही. राकेश शर्मांची.

थोडा फ्लॅशबॅक

तुमच्यापैकी अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नसेल, म्हणून थोडक्यात. राकेश शर्मांचा जन्म १९४९ चा, पतियाळाचा. शिक्षण हैदराबादला. १९६६ मध्ये ते आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत आले, १९७० मध्ये हवाई दलात पायलट झाले आणि पुढच्याच वर्षीच्या युद्धात मिग-२१ घेऊन उतरले. १९८२ मध्ये सोव्हिएत मोहिमेसाठी दोघांची निवड झाली, शर्मा आणि रवीश मल्होत्रा. मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत ट्रेनिंग, त्यासाठी आधी रशियन शिकणं आलंच. ३ एप्रिल १९८४ ला बैकानूरहून सोयुझ टी-११ उडालं तेव्हा आत युरी मालिशेव, गेनादी स्त्रेकालोव आणि स्क्वाड्रन लीडर शर्मा होते. तेवढीच तयारी केलेले मल्होत्रा जमिनीवर राहिले.

सॅल्यूट-७ या स्थानकावर त्यांनी भारताच्या भूभागाचे फोटो घेतले, वैद्यकीय प्रयोग केले, वजनरहित अवस्थेत योगासनं केली. वरून भारत कसा दिसतो, या इंदिरा गांधींच्या प्रश्नाला त्यांनी इक्बालच्या ओळीने दिलेलं उत्तर अख्ख्या पिढीला पाठ आहे. ७ दिवस, २१ तास, ४० मिनिटांनी ते परतले. अशोकचक्र तिघांनाही मिळालं, त्यातले दोघं परदेशी!

इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. मामांचा इंटरेस्ट सुरू होतो तो यापुढे. १९८७ मध्ये शर्मा विंग कमांडर म्हणून हवाई दलातून बाहेर पडले आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चीफ टेस्ट पायलट झाले. पोस्टिंग कुठे? नाशिकजवळ ओझरला, जिथे मिग बनत होती. १९९२ पर्यंत ते तिथे होते, मग बंगळुरूला गेले, २००१ मध्ये निवृत्त झाले आणि पुढे कुन्नूरला स्थायिक झाले. त्या नाशिकच्या वर्षांत मामांची बदलीही नाशिकलाच होती. एका कार्यक्रमानंतर लागलेल्या रांगेत मामा पाकीट घेऊन उभे राहिले आणि सही मिळवली.

"मला त्यात हेच आवडलं बघ," मामा म्हणाले. "वर जाऊन आला, नि परत आपल्या कामाला लागला. आम्ही रजा संपली की काउंटरला बसायचो, तसा."

बल्बचं कपाट

आता प्रॉब्लेम असा की रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जूनपासून हवा इतकी ओली की तिकिटांच्या मागचा गोंद आपोआप जागा होतो, पानं एकमेकांना चिकटतात, कागदावर तपकिरी ठिपके येतात. पीव्हीसीचे स्वस्त पाऊच तर कागदाचे शत्रूच. म्हणून पाकिटं पॉलिएस्टरच्या पारदर्शक कव्हरात, अल्बम उभे, मध्ये सिलिका जेलच्या पुड्या. मामी म्हणतात, घरात कुणी नवे बूट घेतले की मामा आधी खोक्यातली पुडी काढून घेतात! कपाटात चार महिने एक बल्ब जळत असतो, तोही जुना पिवळाच. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. असे डझनभर बल्ब मामांनी साठवून ठेवलेत.

आणि उजेडाचंही भय आहेच. शाई उन्हाने उडते. त्यातही स्केचपेनने केलेल्या सह्या आधी फिकट होतात. म्हणजे दमट नको, ऊन नको, हात नको!

सही कुणाची, यंत्राची?

जगभरात या छंदाचा मोठा बाजार आहे. अपोलो-११ चे तिघे १९६९ मध्ये चंद्राकडे निघाले तेव्हा त्यांना परवडेल असा मोठा विमा मिळेना. मग त्यांनी शेकडो पाकिटांवर सह्या करून ठेवल्या. आपण परत आलो नाही तर घरच्यांनी ती विकावी, हा हिशेब. सुदैवाने वेळ आली नाही. १९७१ च्या अपोलो-१५ मध्ये मात्र अंतराळवीरांनी परवानगीशिवाय ३९८ पाकिटं चंद्रावर नेऊन आणली. त्यातली १०० एका जर्मन व्यापाऱ्याकडे गेली आणि दीड हजार डॉलरच्या आसपास एकेक विकली गेली. १९७२ मध्ये प्रकरण बाहेर आलं. तिघांपैकी कुणीही पुन्हा अंतराळात गेलं नाही. नील आर्मस्ट्राँगच्या सह्यांचा तर असा धंदा झाला की १९९४ पासून त्याने मागणाऱ्यांना सही देणंच बंद केलं.

त्यात आणखी घोळ ऑटोपेनचा. हे यंत्र खरी सही हुबेहूब गिरवतं. नासाने चाहत्यांना पाठवलेल्या कितीतरी फोटोंवर ते चाललंय. यंत्राच्या सह्या एकमेकींवर ठेवल्या तर रेघ न् रेघ जुळते. माणसाची सही दर वेळी थोडी हलते, म्हणून ती खरी.

मामांची स्वतःची एक परीक्षा आहे. शर्मांच्या मोहिमेचं काही विकायला कुणी आलं की मामा सहज विचारतात, "ते परत आले कशातून हो?" दहापैकी नऊ जण सांगतात, सोयुझ टी-११. चूक! गेले ते टी-११ मधून, परतले टी-१० मधून. सोयुझ यानाला कक्षेत राहण्याची मुदत असते. म्हणून पाहुणे ताजं यान मुक्कामी मंडळींसाठी ठेवायचे आणि आधीचं घेऊन उतरायचे. ज्याला हे माहीत नाही त्याची गोष्ट मामा पूर्ण ऐकून घेतात, चहा देतात, पण खरेदी करत नाहीत.

थिबाचे माणिक

एवढी काटेकोर चौकशी कशासाठी, असं मी विचारलं, तर मामा म्हणाले, "उद्या सकाळी थिबा पॅलेस बघून या, मग बोलू."

गेलो. लाल रंगाचा, उतरत्या छपरांचा तो वाडा १९१० मध्ये बांधून झाला. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. सोबत आणलेली रत्नं त्याने घरखर्चासाठी एकेक करून विकली. राजघराण्याचं सर्वांत प्रसिद्ध माणिक तर मंडाले सोडतानाच्या गोंधळात हरवलं ते हरवलंच. थोरली राजकन्या आयुष्याच्या अखेरीस रत्नागिरीतच गरिबीत गेली. वाड्यातून खाडीचा नजारा अप्रतिम दिसतो, पण राजाची रत्नं कुठे गेली, याचं उत्तर तिथे मिळत नाही.

"असतील की कुणाच्या तरी अंगठीत," मामा म्हणाले. "घालणाऱ्याला माहीतसुद्धा नसेल. माणिक आहे, चिठ्ठी नाही."

चिठ्ठी म्हणजे काय ते तेव्हा कळलं. मामा प्रत्येक पाकिटामागे एक कागद ठेवतात. कुठून आलं, कधी, कुणाकडून, सही समोर झाली की पोस्टाने आली. शर्मांच्या पाकिटाची चिठ्ठी अर्धं पान आहे. पेन मामांचंच होतं, आधी चाललं नाही म्हणून पाकिटाच्या मागे रेघोट्या मारून बघितलं, हेही त्यात आहे. आणि त्या रेघोट्या मागे खरंच आहेत!

पण चाळीसेक पाकिटांच्या चिठ्ठ्या राहिल्या होत्या. मामांना मोतीबिंदू आहे, अक्षर नीट दिसत नाही. अमेरिकेतला मुलगा फोनवर सांगतो, स्कॅन करा आणि विकून टाका. मुंबईतल्या एका व्यापाऱ्याने दोनदा विचारलंय. मामांचं उत्तर ठरलेलं आहे, "विकायचं नाही असं नाही. पण चिठ्ठीसकट. आणि चिठ्ठी आधी लिहून व्हायला हवी."

मग काय, आमचा बीचचा प्लॅन रद्द! दोन दिवस आम्ही दोघी पडवीत बसून मामा सांगतील तसं लिहीत होतो. मध्ये मामींचं कोकम सरबत, दुपारी आमरस. एकतीस चिठ्ठ्या झाल्या. सात पाकिटांपाशी मामा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आठवत नाही, असं लिही." दोन अमेरिकन अंतराळवीरांच्या फोटोंपाशी म्हणाले, "लिही, सही यंत्राची असावी." मैत्रीण म्हणाली, मामा, असं लिहिलंत तर किंमत शून्य होईल. "होऊ दे की. आज मी खोटं लिहिलं, तर उद्या शर्मांच्या चिठ्ठीवर कोण विश्वास ठेवील?"

संध्याकाळी वाडीतली पोरं जमली. मे महिन्यात ती रोज येतात. मामा शर्मांचं पाकीट कपाटातून काढून पडवीत आणतात, कव्हरासकट हातात देतात. रत्नागिरी जिल्हा परिषदेने २०२३ मध्ये आपल्या शाळांतल्या निवडक मुलांना इस्रो आणि नासा दाखवायला नेलं होतं, तेव्हापासून इथल्या पोरांना हे जग काही परग्रहावरचं वाटत नाही. शुभांशु शुक्लांनी २०२५ च्या जून-जुलैत अंतराळ स्थानकावर मुक्काम केला, सोबत आमरस नेला, हे त्यांना पक्कं ठाऊक. प्रश्न एकच, तो हापूसचा होता का?

"रोज उजेडात काढता, शाई उडेल ना?" मी मामांना विचारलं.

"उडते थोडी थोडी. पण नुसती अंधारात ठेवली, तर ठेवली कुणासाठी?"

कसं जाल, काय बघाल?

कोकण रेल्वेने रत्नागिरी गाठणं सगळ्यात सोपं. जनशताब्दी, मांडवी, तेजस, वंदे भारत, सगळ्या थांबतात. मांडवीने गेलात तर गाडीतलं खाणं चुकवू नका. थिबा पॅलेससाठी सकाळ राखून ठेवा, सूर्यास्तासाठी थिबा पॉइंट. जुन्या पुस्तकांची आवड असेल तर १८२८ पासूनचं नगर वाचनालय आहेच. हातात दिवस असेल तर विजयदुर्ग करा. तिथले 'साहेबाचे कट्टे' दाखवून गाइड सांगेल की १८६८ च्या ग्रहणात लॉकियरने हेलियम इथेच शोधला. गोष्ट मजेशीर आहे, फक्त लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता! अंतराळ स्थानक तुमच्या डोक्यावरून कधी जाणार, हे नासाच्या साइटवर बघून भाट्याच्या किनाऱ्यावर जा. सॅल्यूट-७ याच कलाच्या कक्षेत फिरायचं, म्हणजे शर्माही रत्नागिरीच्या आकाशातून गेलेच असणार. आणि घरी कुणाच्या सहीचं काही जपून ठेवलं असेल, तर परतल्यावर त्यामागे एक चिठ्ठी लिहून ठेवा.