निळ्या फुग्याखालचा मासा

पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळे फुगे येऊन पडतात. लोक त्यांना जेलीफिश म्हणतात, पण ब्लू बॉटल हा एक प्राणी नव्हेच, ती अनेक जीवांची वसाहत. वाळूवर मेल्यासारखी पडलेली असली तरी डंख मारते.

तिच्या मोठ्या भावंडाच्या, पोर्तुगीज मॅन ऑफ वॉरच्या, तंतूंमध्ये नोमियस नावाचा छोटा मासा राहतो. तंतू १०-१० मीटर लांब, इतर मासे त्यात सापडले की संपलेच. मला वाटायचं, याला विष बाधतच नसेल. तसं नाही! इतरांपेक्षा जास्त सोसतो एवढंच. बाकी सगळी मदार अंग चोरून पोहण्यावर. कधी चुकतो आणि यजमानाच्याच पोटात जातो. शिवाय हा पठ्ठ्या राहता राहता त्याच तंतूंचे लचकेही तोडतो.

हे वाचलं आणि मामा आठवले. कॉलेजची वर्षं मी त्यांच्या दोन खोल्यांत काढली. चाळीत त्यांच्या रागाची दहशत, त्यामुळे माझ्या वाटेला कुणी जात नसे. मी मात्र जिन्यातल्या चपलांच्या आवाजावरून मूड ओळखून गॅलरीत सटकायचो. दोनदा चुकलो, दोनदा कानाखाली बसली. (त्यांच्या शर्टाच्या खिशातून सिनेमापुरते पैसे काढायचो, तेही सांगून टाकतो.)

नोमियस मोठा झाला की खोल पाण्यात निघून जातो. मीही नोकरी लागताच गेलो. नंतर दिवाळीला फोन, तेवढाच.

मामा २०११ मध्ये गेले. कपाट आवरताना मामी म्हणाली, "शुक्रवारी खिशात सुट्टे ठेवायचे रे ते. मुद्दाम."