वाटी परत आली का?

मुले कशी वाढवावीत यावर इतकी पुस्तके निघाली आहेत, की ती सगळी वाचून होईपर्यंत मुले आपली आपणच वाढून जातात. पुण्याला आमच्या लेकीकडे अशा पुस्तकांचे एक अख्खे कपाट आहे. त्या कपाटाला मुलांनी हात लावायचा नाही, असा घरचा नियम आहे. मुलांनी कधीच न मोडलेला असा त्या घरातला तो एकमेव नियम.

२०२५ च्या मे महिन्यात दोन्ही नातवंडे साताऱ्याला आमच्याकडे, म्हणजे आजोळी, महिनाभर राहायला आली. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. बरोबर दोन बॅगा, एक टॅब्लेट, उन्हाचे मलम आणि एक वेळापत्रक. वेळापत्रक रंगीत होते. हिरव्या चौकोनात 'मैदानी हालचाल – ६० मिनिटे', पिवळ्या चौकोनात 'स्वयंपाकघरातील सहभाग – ३० मिनिटे' आणि गुलाबी चौकोनात 'देण्याचा आनंद – १५ मिनिटे'.

"हा आनंद पंधरा मिनिटांत उरकतो का गं?" मी विचारले.

"बाबा, कुठून तरी सुरुवात करायची असते. आणि ते साठ मिनिटांचं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलंय. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज निदान एक तास तरी धावपळ करायलाच हवी."

संघटना सांगते ते खरेच आहे. आमच्या लहानपणी मात्र मिनिटे मोजायची झाली तर ती घरात बसण्याची मोजावी लागली असती. दिवेलागणीला घरात दिसलो नाही तर पाठीत धपाटा, एवढेच आमचे वेळापत्रक, आणि ते कुणी रंगवलेले नव्हते. रंग नंतर पाठीवर उमटे.

गुलाबी चौकोनाचे काम थोरल्याने पुण्यातच करून टाकले होते. शाळेने सुट्टीचा अभ्यास म्हणून 'कुणाला तरी काही तरी द्या आणि फोटो चिकटवा' असे सांगितले होते. फोटोत आमचे चिरंजीव वॉचमनच्या मुलाला एक मोटार देत आहेत. मोटारीला तीन चाके. देणारा कॅमेऱ्याकडे बघतोय, घेणारा चौथे चाक शोधतोय. खाली पालकांची सही.

सौ.ने ते वेळापत्रक भक्तिभावाने भिंतीवर लावले. वर कॅलेंडर टांगले. वेळापत्रकाची आठवण पुढे कुणाला झाली नाही, कारण दुसऱ्याच दिवशी गहू भिजत पडले.

कुरडया ही विकत आणायची वस्तू आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी सांगतो. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे. मग वाटून, पिळून त्यांचा चीक काढायचा, तो रात्रभर ठेवून वरचे पाणी ओतून टाकायचे, आणि पहाटे मीठ घालून शिजवायला घ्यायचा. हे शिजवणे एकट्याचे काम नाही. एकाने पातेले धरायचे, एकाने घाटायचे, आणि घरातल्या पुरुषाने "गुठळी झाली वाटतं" असे म्हणून बोलणी खायची. तिसऱ्या दिवशी त्या भिजल्या गव्हाचा जो वास सुटला, त्याने थोरल्याने नाक धरले आणि "हे खराब झालंय, टाकून द्या" असा निर्णय दिला. चौथ्या दिवशी सकाळी त्याच गव्हाचा गरम चीक वर दूध-साखर घालून पुढ्यात आला, तेव्हा त्याने तीन वाट्या मारल्या. निर्णयाबद्दल पुढे कुणी काही बोलले नाही.

मग गच्चीवर प्लॅस्टिकचे कागद अंथरून सोऱ्याने कुरडया घालणे. थोरल्याच्या पहिल्या पाच-सहा कुरडया पावसाळ्यातल्या गांडुळांसारख्या दिसत होत्या. सातवी मात्र जमली. गोल, घट्ट, एकही तार न तुटलेली. त्याने तिच्याभोवती कोळशाने चौकोन काढला आणि वर आपले नाव लिहिले. दोन दिवस तो कावळ्यांवर काठी घेऊन बसला. साठ मिनिटांच्या हिशेबाने त्याची पुढच्या वर्षाचीही धावपळ झाली असेल.

आता वाटीचे सांगतो. आमच्या घरात काहीही नवे झाले की शेजारी वानवळा जातो. हे काम मुलांचे. त्यासाठी स्टीलच्या सहा वाट्या आहेत. त्यांच्यावर आमच्या सासऱ्यांचे नाव, तारीख आणि 'सप्रेम भेट' असे मशीनने कोरून घेतलेले आहे, म्हणजे वाटी गावभर फिरली तरी घरी येते. शेजारचा दुसरा नियम असा, की आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. काही नसले तर चिमूटभर साखर तरी.

धाकटीला चिकाची वाटी देऊन सौ.ने खाली गुरुजींकडे पाठवले.

गुरुजी तळमजल्यावर एकटे राहतात. वय ऐंशीच्या घरात. त्यांच्या पत्नी गेल्यापासून त्यांनी दार लावून घेतलेले. दुपारी खानावळीचा डबा यायचा, आणि तो संध्याकाळी अर्धा भरलेलाच परत जायचा. सौ.ने आधी दोन-तीनदा काही पाठवून पाहिले होते, ते दारातूनच "आता कशाला उगीच?" असे हळूच म्हणून परत करायचे. माणूस भिडस्त. वाटी घेतली तर परत करताना तिच्यात घालायचे काय, हा तो "उगीच" होता, हे आम्हाला कळत होते; पण हे काही बोलून दाखवायचे नसते.

सहा वर्षांच्या मुलीला भीड नावाचा पदार्थ ठाऊक नसतो. ती सरळ आत गेली, त्यांनी चीक खाईपर्यंत समोर बसून राहिली आणि मग म्हणाली, "आजोबा, वाटी रिकामी नाही द्यायची. आजीनं सांगितलंय."

मी जिन्यात उभा होतो. मेल्याहून मेल्यासारखे होणे म्हणजे काय ते मला जिन्यात कळले. आत डबे उघडल्या-मिटल्याचे आवाज येत राहिले. एक, दोन, चार डबे. बऱ्याच वेळाने धाकटी दोन्ही हातांनी वाटी सांभाळत बाहेर आली. वाटीत मूठभर ज्वारी होती.

ही ज्वारी गुरुजी खिडकीत चिमण्यांना घालत. घरात तेवढेच होते. सौ.ने वाटीकडे पाहिले, आणि एरवी कुठल्याही विषयावर अर्धा तास बोलू शकणारी ही बाई काहीच बोलली नाही. संध्याकाळी तिने ती ज्वारी मिक्सरमधून काढली, आमच्या पिठात मिसळली आणि मुलांना भाकरी थापायला बसवले. थोरल्याची भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली. कोकणपट्टी जरा जळली. ती भाकरी, वर लोणी, असे ताट खाली गेले. "तुमच्याच ज्वारीची आहे," असा निरोप. त्यावर "उगीच" म्हणायला जागाच नव्हती.

त्या रात्री गुरुजी वर आले आणि मुठीची गोष्ट निघाली. आमच्या जिल्ह्यात ती सगळ्यांना ठाऊक, पण पुण्याच्या मुलांना नवी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसवली. पंक्ती बसली, पण वाढायचे काय? म्हणून मुष्टिफंड. घरोघरच्या बायकांनी एक मूठ धान्य बाजूला ठेवायचे, आणि ते गोळा होऊन बोर्डिंगला यायचे. तेही पुरेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. गुरुजी स्वतः पन्नासच्या दशकात रयतेच्या बोर्डिंगात वाढलेले. "मी कुणाकुणाच्या मुठी खाल्ल्यात ते मला कधी कळलं नाही," ते म्हणाले. "फोटोबिटो नव्हते."

थोरल्याने माझ्याकडे पाहिले. मी कॅलेंडरकडे पाहिले.

धाकटीची शंका वेगळीच होती. "मूठ कुणाची? मोठ्या बाईची की माझ्याएवढ्या मुलीची?"

"ज्याची त्याची," गुरुजी म्हणाले.

तिने आपली मूठ उघडून पाहिली. दुसऱ्या दिवसापासून ती तांदळाच्या डब्यातून एक मूठ वेगळी काढू लागली. एका मुठीतले निम्मे जमिनीवर सांडे, त्यामुळे मुंग्यांनाही त्या फंडाचा लाभ झाला.

कुरडया वाळल्या. सौ. तळायला बसली. खाली पाठवायच्या ताटलीत थोरल्याने मोडक्या कुरडया भरायला घेतल्या.

"अंहं," सौ. म्हणाली. "मोडक्या घरात. अख्ख्या शेजारी."

"आजी, पण ती माझी आहे!" चौकोनातली सातवी कुरडई आता तळून शेवंतीच्या फुलाएवढी फुलली होती.

"मग तू ठरव."

हे 'तू ठरव' फार वाईट असते. त्यापेक्षा धपाटा बरा. तासभर तो ती कुरडई समोर घेऊन बसला होता. खाल्ली नाही, दिली नाही. मग उठला आणि कुणाकडे न बघता ताटली घेऊन खाली गेला. येताना डोळे लाल होते, पण हे मी पाहिले नाही असे मी ठरवले. मुलांच्या चांगुलपणाचे फार कौतुक केले की तो बिचारा लाजून निघून जातो, असा माझा अनुभव आहे.

ताटली त्या दिवशी परत आली नाही. दोन दिवसांनी आली, आणि तिच्यात बाभळीची, दोन्ही टोकांना निमुळती तासलेली, काचेने घासून गुळगुळीत केलेली एक विटी होती. दांडू दाराशी टेकवून ठेवला होता.

"ह्याचा वर्ल्ड कप असतो का?" थोरल्याने विचारले. हल्लीची मुले चौकशी केल्याशिवाय खेळत नाहीत.

"खो-खोचा असतो. पहिला याच जानेवारीत दिल्लीला झाला. पुरुषांचा आणि बायकांचा, दोन्ही आपण जिंकलो. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे."

"आणि विटीदांडूचा?"

"तो तुझ्यासाठी थांबलाय."

अंगणात गल खणली गेली. गुरुजींनी पहिली विटी कोलली ती थेट कुंपणाबाहेरच्या चिंचेत. मग दांडूने अंतर मोजत "वकट, लेंड, मूंड, नाल" सुरू झाले. हे तेलुगू-कन्नडच्या घराण्यातले एक-दोन-तीन-चार आहे आणि मराठी मुलांनी आकड्यांचा अर्थ न विचारता ते पिढ्यान्‌पिढ्या मोजले आहे, हे गुरुजींनी मोजता मोजता सांगितले. थोरला म्हणाला, "म्हणजे आम्ही शाळेबाहेर तिसरी भाषा शिकतोय." लेकीने व्हिडिओ कॉलवर हा प्रकार पाहिला आणि किंचाळली, "बाबा, डोळे! विटी डोळ्याला लागते!" पण गुरुजींनी आधीच चुन्याची रेघ मारून बघ्यांना ओट्यावर बसवले होते. चाळीस वर्षे शिकवलेला माणूस. त्याची रेघ कोण ओलांडणार? आठवडाभरात आळीतली अकरा मुले जमली. त्यातल्या चौघांना मी तोपर्यंत कधी पाहिलेच नव्हते आणि ती दोन घरे सोडून राहत होती.

त्या वर्षी पावसाने घाई केली. २५ मे रोजी मान्सून महाराष्ट्रात दाखल झाला, पण त्याच्या आधीच वळवाने आम्हाला पुरते झोडपले होते. एका दुपारी गच्चीवर सांडगे आणि दुसऱ्या घाण्याच्या कुरडया वाळत असताना आभाळ एकदम काळे झाले. आम्ही घरात घोरत होतो. आरडाओरड्याने जागे होऊन वर पोचलो, तर दोन्ही पोरे, आळीतली फौज आणि मध्ये धोतराचा ओचा खोचलेले गुरुजी, प्लॅस्टिकचे कागद चारी टोकांनी उचलून जिन्याकडे धावत होते. हे गृहस्थ तीन जिने चढून आले होते. सौ. मला म्हणाली, "अहो, कुरडया राहू देत, आधी गुरुजींना खुर्ची द्या." गुरुजी म्हणाले, "खुर्ची राहू दे, आधी सांडगे." निम्मे सांडगे गेले. बाकीचे गुरुजींच्या घरात पंख्याखाली चार दिवस वाळले, आणि त्या चार दिवसांत त्यांचे दार बंद होऊ शकले नाही, कारण दर दहा मिनिटांनी कुणीतरी सांडग्यांची तब्येत पाहायला जात होते.

जूनमध्ये मुले परत गेली. जाताना थोरल्याने सौ.कडून एक नावाची वाटी मागून घेतली.

पुढच्याच आठवड्यात लेकीचा फोन. थोरल्याने स्वतःच्या हाताने शिकरण केले, त्या वाटीत भरले आणि लिफ्टने अकराव्या मजल्यावर, ज्यांचे नावही ठाऊक नाही अशा घरी नेले. दारातल्या बाई म्हणाल्या, "आम्ही काही ऑर्डर केलं नव्हतं."

"ऑर्डर नाही, शिकरण आहे," हा म्हणाला, आणि वाटी हातात देऊन आला.

"बाबा, मला इतकं अवघडल्यासारखं झालं! आणि वाटी अजून आली नाही. आठ दिवस झाले. मागायची कशी?"

"मागू नकोस," सौ. मागून ओरडली. "तिच्या घरात सध्या काही चांगलं झालं नसेल. येईल."

आता दर रविवारी फोन लागला की सौ. मुलांची तब्येत, अभ्यास वगैरे नंतर विचारते. आधी वाटी. मी खाली भाजी आणायला निघालो की गुरुजी खिडकीतून, चिमण्यांना ज्वारी टाकता टाकता, तेच विचारतात.

"काय हो, आली का?"