नवाबसोबत अकोला ते रत्नागिरी

आमच्या अब्बांचा इंतकाल गेल्या डिसेंबरात झाला. अम्मींच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस पूर्ण झाले तेव्हा शाळेची उन्हाळी सुट्टी तोंडावर आली होती. अम्मींनी एकच इच्छा सांगितली. रत्नागिरीला, आपल्या धाकट्या भावाकडे, काही महिने राहायचं. अब्बा पोस्टात होते, नोकरीची पहिली वर्षं त्यांनी रत्नागिरीत काढली आणि निकाहही तिथेच झाला. हे सगळं ठीक होतं. पण अम्मी पुढे म्हणाल्या, "नवाबला सोडून मी जाणार नाही."

नवाब म्हणजे अब्बांचा बोका. वय नऊ वर्षं, अंगावर करडे पट्टे, डावा कान फाटलेला. फजरनंतर अब्बा चहा बशीत ओतून पीत. मग त्याच बशीत थोडं दूध घालून तिच्या काठावर चमचा तीनदा वाजवत. तो आवाज आला की नवाब असेल तिथून धावत येई. अब्बांच्या पश्चात ती बशी कुणी वाजवली नव्हती.

रेल्वेचा विचार करून पाहिला. सोबत जनावर ठेवायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर ते गार्डच्या डब्यात द्या, असं कळलं. गार्डच्या डब्याचं नाव काढताच अम्मींनी हात जोडले. राहिली आमची जुनी गाडी. रस्ता सुमारे साडेआठशे किलोमीटरचा आणि अम्मींच्या कंबरेला सलग तीन तासांपेक्षा जास्त बसणं सोसत नाही. म्हणजे वाटेत दोन मुक्काम आले. पहिला औरंगाबादला, दुसरा साताऱ्याच्या आसपास.

मग सुरू झाली फोनाफोनी. वहीत लिहून ठेवलंय, सतरा ठिकाणी फोन केले. काहींनी 'मांजर' हा शब्द ऐकताच फोन ठेवला. काही म्हणाले, कुत्रा चालेल, मांजर नको, ती गाद्या ओरबाडते. एकाने खोलीच्या भाड्याएवढेच पैसे बोक्याचेही मागितले. ज्या जागा स्वतःला 'पेट-फ्रेंडली' म्हणवतात त्या बहुतेक मोठ्या शहरांत आहेत, महाग आहेत आणि कुत्रा डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या आहेत. कुत्र्याबद्दल आमच्या मनात आकस नाही, पण त्याच खोलीत नमाज पढायची असल्यामुळे स्वच्छतेचा प्रश्न येतोच. मांजरीचं तसं नाही. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वजूचं भांडं तहानलेल्या मांजरीसाठी तिरकं धरलं होतं, हा हदीसमधला प्रसंग अब्बा आम्हाला लहानपणी सांगत. आम्ही तोडगा काढला तो साधाच. दोन धुतलेल्या चादरी आणि जानमाज घरूनच घ्यायचे, म्हणजे खोलीत आधी कोण राहून गेलं याची चौकशी करावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही, यावर घरात चर्चा झाली. दोन ठिकाणी बोक्याला होकार मिळाला होता, भाडंही ठरलं होतं. बुकिंगसाठी नाव सांगितलं, तेव्हा पलीकडे थोडी शांतता पसरली आणि मग "आत्ताच फुल झालं" असं उत्तर आलं. कदाचित खरोखर फुल झालं असेल. नकार बोक्याला होता की आम्हाला, हे कळायला मार्ग नाही. आपल्या वाचकांना हा अनुभव नवा नसेल. त्यानंतर मात्र आम्ही फोन लागताच पहिल्या वाक्यात नाव सांगायचो आणि दुसऱ्या वाक्यात बोका. ज्याला नाही म्हणायचं त्याने लवकर म्हणावं, वेळ तरी वाचतो.

मेच्या पहिल्या आठवड्यात पहाटे निघालो. नवाबला जाळीच्या दाराच्या टोपलीत बसवलं, तळाशी अब्बांचा जुना गंजीफ्रॉक अंथरला. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे निघण्याआधी चार तास त्याला खायला दिलं नव्हतं, नाहीतर गाडी लागते. रेबीजच्या लसीची नोंद असलेलं कार्ड, वाळूचा ट्रे, पाण्याची वाटी हे सगळं मुलीने एका पिशवीत भरलं होतं. खामगाव, चिखली, जालना असा रस्ता. जेवायला थांबलो की पाळीपाळीने जेवायचं, एक जण बोक्याला घेऊन सावलीत. उन्हात बंद करून ठेवलेली गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापू शकते, जनावर दगावायला मग वेळ लागत नाही.

औरंगाबादला फसगत झाली. ज्या लॉजने फोनवर होकार दिला होता तिथे काउंटरवर आता दुसराच माणूस होता. "मला कुणी काही सांगितलेलं नाही, मांजर चालणार नाही." रात्रीचे आठ वाजलेले, अम्मी गाडीत कंबर धरून बसलेल्या, नवाबचं ओरडणं चालू. अर्धा तास हुज्जत घातली, उपयोग शून्य. शेवटी बसस्टँडच्या बाजूला एका साध्या लॉजच्या म्हाताऱ्या मालकाने टोपलीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "रात्री रडणार नाही ना?" खरं तेच सांगितलं, की रडेल. त्याने कोपऱ्यातली खोली दिली, शेजारची रिकामी होती. तेव्हापासून होकार देणाऱ्याचं नाव विचारून घेतो आणि व्हॉट्सॲपवर एक ओळ लिहून मागतो.

सकाळी मुलीला पाणचक्की दाखवली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची ही चक्की अठराव्या शतकातली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी कित्येक किलोमीटरवरून मातीच्या नळांतून आणून त्यावर ती फिरवली आणि आलेल्या-गेलेल्यांसाठी, फकिरांसाठी धान्य दळलं. ज्या बुजुर्गांच्या नावातच मुसाफिर आहे त्यांच्या दारी आम्ही आदल्या रात्रीची कटकट आठवत बसलो होतो. नवाब वडाच्या सावलीत टोपलीत झोपला होता. रात्रभर रडून दमला असणार.

अहिल्यानगर, पुणे पार करत साताऱ्याच्या अलीकडच्या गावात पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. हे एका शेतकरी जोडप्याचं घर, मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. फोनवर नाव आणि बोका दोन्ही सांगितल्यावर बाई म्हणाल्या होत्या, "मग काय झालं? आणा की!" दारात त्यांचा कुत्रा बांधलेला, तो भुंकला. आमच्या हातून चूक झाली ती अशी, की खोलीचं मागचं दार लागलंय का हे न बघताच टोपली उघडली. नवाब एका झेपेत बाहेर गेला आणि अंधारात दिसेनासा झाला.

रात्री बारापर्यंत बॅटरी घेऊन गोठा, उसाचा बांध, विहिरीचा काठ सगळं पाहिलं. विहिरीत बॅटरी मारताना हात थरथरत होता. शेतकरी दादा स्वतः कडब्याच्या गंजीवर चढले. बाईंनी सुकट भाजून तिचा वास सुटेल अशी परातीत ठेवली. त्यावर त्यांच्याच घरच्या तीन मांजरी आल्या. अम्मी काही बोलल्या नाहीत. ओसरीवर बसून तस्बीह फिरवत राहिल्या. त्या रडल्या असत्या तर आम्हाला बरं वाटलं असतं.

दादा म्हणाले, अनोळखी जागी मांजर लांब जात नाही, जवळच दडतं. माणसांचा गोंधळ थांबला की बाहेर येईल. म्हणून कुत्र्याला पुढच्या अंगणात नेऊन बांधलं आणि सगळे आत गेलो. झोप कुणालाच नव्हती.

फजर झाल्यावर अम्मींनी बाईंकडे कपबशी मागितली. आम्हाला वाटलं चहा हवाय. त्यांनी बशीत दूध ओतलं, मागच्या पायरीवर बसल्या आणि चमचा बशीच्या काठावर तीनदा वाजवला. थांबल्या. पुन्हा तीनदा. चौथ्या की पाचव्या वेळी गोठ्याच्या पत्र्याखालून, वाशांच्या वर जिथे आम्ही रात्री दोनदा बॅटरी मारली होती तिथूनच, नवाब उतरला. अंगाला कोळिष्टकं लागलेली. अम्मींकडे बघितलंही नाही त्याने, सरळ बशीत तोंड घातलं. अम्मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बसून होत्या. तेव्हा त्या रडल्या. बाईही पदराने डोळे पुसत होत्या. दादांनी निघताना पैसे कमी घेतले आणि आम्हाला ते परत हातात कोंबावे लागले.

पुढचा रस्ता सुखाचा झाला. कोल्हापुरात दसरा चौकातली मुस्लिम बोर्डिंग मुलीला दाखवली. 1906 साली शाहू महाराजांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही संस्था. बाहेरगावच्या मुलांना राहायला जागा नसेल तर ती शिकणार कशी, हा त्यामागचा विचार शिक्षक म्हणून आम्हाला फार मोठा वाटतो. आंबा घाटाच्या वळणांवर नवाबने दोनदा ओकारी काढली, अब्बांचा गंजीफ्रॉक साखरप्यात नळावर धुतला. हातखंब्याहून रत्नागिरीकडे वळलो तेव्हा अम्मींनी काच खाली केली. खारा वारा यायला अजून अवकाश होता, पण त्या म्हणाल्या, आला.

मामूंच्या घरी नवाबला पहिले दहा दिवस एकाच खोलीत ठेवलं, जागेचा वास ओळखीचा झाल्याशिवाय बाहेर सोडलं नाही. आता तो माडाखाली झोपतो आणि मासळी आली की मामींच्या पायांत घुटमळतो. बशी रोज सकाळी अम्मीच वाजवतात.

परतताना आमच्यासोबत ना अम्मी होत्या ना नवाब. तरी मुक्काम साताऱ्याजवळच्या त्याच घरी केला. गाडीचं दार उघडायच्या आत बाई अंगणात आल्या आणि मागच्या सीटवर वाकून बघत म्हणाल्या, "बोका कुठंय?"