राउटर आपणहून हाक मारतो!

घरोघरी वायफाय पोचवण्याचा धंदा ज्यांनी जवळून पाहिलाय, त्यांनी हे जरूर वाचावं, कारण मला जे सापडलंय ते कधी एकदा सांगतो असं झालंय. सोमाटणे फाट्यावर, जुन्या मुंबई-पुणे हायवेला लागून दाजींचं ऑफिस आहे. डिशच्या जमान्यात केबल टाकणारे दाजी आता फायबर टाकतात, इंटरनेट देतात. त्यांच्या टेबलाखाली धूळ खात पडलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर आम्ही सर्व्हर उभा केला, आणि आता शिरगाव, साळुंब्रे, दारुंब्रे, गहुंजे, परंदवडीच्या घरांतले राउटर तो सर्व्हर लावतो. इथं बसून! लॅपटॉप घेऊन कुणी गाडीवर जायचं नाही, की गिऱ्हाइकाला फोनवर अर्धा तास बटणं दाबायला लावायची नाहीत.

आधी काय व्हायचं ते सांगतो. नवीन जोडणी असली की पोरगं राउटर घेऊन जाणार, भिंतीला टांगणार, फायबर खोचणार. इथवर ठीक. मग लॅपटॉप काढून १९२.१६८.१.१ उघडायचं, लॉगिन करायचं, पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड भरायचं, व्हीलॅन टाकायचा, वायफायचं नाव, वायफायचा पासवर्ड, चॅनेल, मग सेव्ह, मग रीबूट. प्रत्येक घरी हेच. त्यात दोन-तीन कंपन्यांचे राउटर असले की प्रत्येकाची पानं वेगळी, बटणं वेगळ्या जागी. आणि हे सगळं नीट बसवून पोरगं फाट्यावर परत येतंय तोवर त्या घरातल्या बाळाने पाठीमागचं रीसेटचं भोक टाचणीने दाबलेलं असतं! राउटर पुन्हा कोरा. मावशींचा फोन : "अरे, नेट लागंना." निघा परत.

मला वाटायचं, मोठ्या कंपन्यांकडे या कामाला हजारो माणसं असतील. माणसं असतीलही, पण खरी गोष्ट वेगळीच निघाली. त्यांच्याकडे टीआर-०६९ आहे. हा एक ठरलेला करार आहे : राउटरने सर्व्हरशी कसं बोलायचं, काय सांगायचं, काय ऐकायचं. मे २००४ मध्ये डीएसएल फोरम या संस्थेने तो प्रसिद्ध केला; तीच संस्था पुढे ब्रॉडबँड फोरम झाली. म्हणजे वीस वर्षांहून जुनी गोष्ट! दाजींनी घाऊक भावात आणलेल्या साध्या राउटरमध्येसुद्धा ती आहे. सेटिंगच्या पानांत एका कोपऱ्यात 'टीआर-०६९' असा टॅब असतो, त्याच्याकडे आमच्यापैकी कुणी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की बोलायला सुरुवात नेहमी राउटर करतो. चालू झाला की तो सर्व्हरला 'इन्फॉर्म' नावाचा निरोप धाडतो : मला बनवणारी कंपनी ही, माझा सिरियल नंबर हा, माझं सॉफ्टवेअर या आवृत्तीचं, आणि मी आत्ता का बोलतोय याचं कारण हे. कारणांचे कोड ठरलेले आहेत. '० बूटस्ट्रॅप' म्हणजे मी कोरा आहे, या सर्व्हरशी पहिल्यांदाच बोलतोय. '१ बूट' म्हणजे बंद होऊन पुन्हा चालू झालोय. '२ पीरिऑडिक' म्हणजे ठरल्या वेळेची हजेरी. सर्व्हर "मिळालं" म्हणतो, मग राउटर एक रिकामा निरोप पाठवतो. त्या रिकाम्या निरोपाचा अर्थ, माझं सांगून झालं, आता तुम्ही बोला. किती शिस्त! सर्व्हरला मध्येच काही हवं असलं तर तो राउटरचं दार फक्त ठोठावतो. उघडून बोलायचं राउटरनेच, आणि तेही त्याला नेमून दिलेल्या सर्व्हरशीच.

समोरच्या बाजूला हवा एसीएस, म्हणजे या सगळ्या राउटरांचं ऐकून घेणारा सर्व्हर. जिनीएसीएस हा त्यातला एक, फुकट, आणि सोर्स कोड सगळ्यांना खुला. उबंटू टाकलं, त्यावर नोड जेएस, त्यावर मोंगोडीबी. मोंगोडीबीच्या पाचव्या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स नावाची सोय लागते आणि आमच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरमध्ये ती नाही, म्हणून ४.४ घेतली, जिनीएसीएसला ती चालते. मग एका ओळीच्या कमांडने जिनीएसीएस उतरवलं आणि त्याच्या चार सेवा सुरू केल्या. ७५४७ पोर्टवर राउटरांचं ऐकणारी, ७५५७ वर बाकीच्या प्रोग्रामांशी बोलणारी, ७५६७ वर फाईल देणारी, आणि ३००० वर आपल्याला ब्राउझरमध्ये दिसणारी. एवढंच! ज्याला मी मोठ्या कंपन्यांच्या तळघरातलं यंत्र समजत होतो, ते दाजींच्या टेबलाखाली घुंघूं करायला लागलं.

टेबलावर एक कोरा राउटर ठेवला, फायबर खोचली, आणि सर्व्हरचा लॉग स्क्रीनवर उघडा ठेवला. पॉवरचा दिवा लागला. पॉनचा दिवा लुकलुकला, स्थिर झाला. आणि लॉगमध्ये ओळ आली. सिरियल नंबर तोच, जो राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर छापलेला! शेजारी '० बूटस्ट्रॅप'. मी दाजींना हात धरून ओढत आणलं. "दाजी, हे बघा, हा स्वतःहून बोलला!" दाजींनी चष्मा वर केला, स्टिकर वाचला, स्क्रीन वाचला, पुन्हा स्टिकर वाचला. म्हणाले, "ह्याला आपला पत्ता दिला कुणी?"

अगदी नेमका प्रश्न. पत्ता डीएचसीपीने दिला. गिऱ्हाइकाच्या इंटरनेटपासून वेगळा असा एक व्हीलॅन आम्ही फक्त या देखरेखीसाठी ठेवलाय, आणि ओएलटीच्या प्रोफाइलमध्ये तो घातलाय. राउटर कोरा असला तरी त्या व्हीलॅनवर त्याला आयपी मिळतो, आणि आयपीसोबतच 'ऑप्शन ४३' मधून सर्व्हरचा पत्ता मिळतो. म्हणून बाळाने रीसेट दाबलं तरी हरकत नाही. कोरा झालेला राउटर पुन्हा पत्ता घेणार, पुन्हा बूटस्ट्रॅप म्हणणार, आणि सर्व्हर त्याला त्याचं सगळं परत देणार.

आता जी गोष्ट सांगतो, तिच्यासाठीच खरं तर लिहायला बसलो. जिनीएसीएसला तुम्ही हुकूम सोडत बसत नाही. तिथे 'डिक्लेअर' नावाचं एक फंक्शन आहे, त्यात फक्त शेवटी काय असायला हवं ते लिहायचं. वायफायचं नाव हे असावं, चॅनेल आपोआप निवडलेला असावा, हजेरी दर ३०० सेकंदांनी असावी. आचाऱ्याला आपण "दोनशे पानं उठतील" एवढंच सांगतो, मीठ किती चमचे ते सांगत नाही, तसं. राउटरमध्ये आत्ता काय आहे ते सर्व्हर विचारतो, हवं ते आणि असलेलं ताडून पाहतो, फरक असेल तेवढंच बदलतो. फरक नसेल तर हातही लावत नाही. स्क्रिप्ट कितीही वेळा चालली तरी काही बिघडत नाही! वर्षानुवर्षं आपण "आधी हे दाबा, मग ते दाबा" या चालीने काम करत आलो आणि ही चाल मुळातच उलटी आहे, हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून ऑफिसातच फेऱ्या मारायला लागलो.

प्रत्येक घराचं युजरनेम वेगळं, त्याचं काय? त्याचीही सोय आहे. स्क्रिप्टमधून बाहेरचा प्रोग्राम बोलावता येतो. आमचा प्रोग्राम सिरियल नंबर घेऊन गिऱ्हाइकांच्या यादीत जातो आणि त्या घराचं युजरनेम-पासवर्ड आणून देतो. पोराने आता फक्त स्टिकरचा फोटो पाठवायचा, यादीत नोंद होते, आणि त्याने भिंतीला स्क्रू आवळेपर्यंत नेट चालू झालेलं असतं.

मेमधल्या वळवाच्या विजांनी अडॅप्टर आणि पोर्ट जळतात, हे मावळात कुणाला सांगायला नको. राउटर बदलायला माणूस जाणारच. पण तो आता खोका बदलतो आणि पुढच्या घरी निघतो.

आणि फायबरचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. राउटरपर्यंत किती उजेड पोचतोय तो आकडाही बऱ्याच राउटरमधून याच वाटेने वाचता येतो. नेहमीच्या दर्जाच्या जोडणीत उणे २७ डीबीएमच्या खाली गेलं की राउटरला धड दिसेनासं होतं. डीबीएमचा हिशेब असा की तीनने उतरलं की उजेड निम्मा. दारुंब्र्याच्या बाजूची काही घरं एका संध्याकाळी उणे १९ वरून उणे २६ वर आलेली दिसली. म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा उजेड! नेट चालू होतं, एकाचीही तक्रार नव्हती. ती सगळी घरं एकाच स्प्लिटरवरची. पोरं सकाळी गेली, खांबावरचा डबा उघडला, तर आत पाणी शिरलेलं. लाल दिवा लागायच्या आधी आम्ही पोचलो होतो. काचेच्या केसाएवढ्या तंतूतला उजेड इथं बसून मोजता येतो, आणि तोही तळेगावच्या शेजारी! लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारायची कल्पना अंताजी दामोदर काळे यांनी मांडली, टिळकांनी ती उचलून धरली, आणि १९०८ मध्ये तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. काचेशी या मुलखाचं नातं असं जुनं आहे, आणि फायबर हातात घेतली की मला हटकून ते आठवतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. ७५४७ पोर्ट बाहेरच्या जगाला उघडा ठेवू नका. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख गिऱ्हाइकांचे राउटर कोलमडले, कारण मिराई नावाच्या घातकी प्रोग्रामच्या पिलावळीतला एक प्रोग्राम याच पोर्टावर घुसू पाहत होता. म्हणून तो वेगळा व्हीलॅन, म्हणून राउटर-सर्व्हरमध्ये एचटीटीपीएस, आणि म्हणून सर्व्हरची स्क्रीन उघडायचा पासवर्ड फक्त दोघांकडे. दुसरं, कुणाच्या घरात कोणता मोबाईल, कोणता टीव्ही वायफायला जोडलाय ही यादीसुद्धा सर्व्हर मागू शकतो. आम्ही ती मागत नाही. दाजींनी एका वाक्यात निकाल लावला, "लोकांच्या घरात डोकवायला आपण नेट देत नाही." मला ते शंभर टक्के पटलं, आणि स्क्रिप्टमधून ती ओळ काढून टाकली.

आता फर्मवेअरकडे वळलोय. ती ७५६७ ची फाईल देणारी सेवा अजून रिकामी बसलीय. आधी ऑफिसातला राउटर, मग दाजींच्या घरचा, मग परंदवडीची एक गल्ली, आणि सगळं रात्री उशिरा, कुणी सिनेमा बघत नसताना. त्यानंतर नंबर आमच्या मोठ्या राउटरांचा. ते टीआर-०६९ वर नाहीत ठेवायचे, त्यांच्यासाठी अँसिबल नावाच्या साधनाबद्दल वाचायला घेतलंय, आणि पहिल्याच पानावर पुन्हा तीच चाल भेटली : काय असायला हवं ते लिहा!