कुपर्टिनोतील खतावणी

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला, "काय काय पाहिलंत?" मी सॅन फ्रान्सिस्कोचा तांबडा पूल पाहिला, समुद्रावरचे धुके पाहिले, अ‍ॅपल कंपनीची वाटोळी कचेरीही बाहेरून पाहिली. पण खरे सांगायचे तर मनात घर करून राहिले ते एक कॉलेज. आणि तेही माझ्या सुनेचे!

सूनबाई पुण्याची एम.कॉम. पाच वर्षे बँकेत नोकरी केलेली. नवऱ्यापाठोपाठ कॅलिफोर्नियात गेली आणि घरी बसली. तिथल्या कायद्याची गंमत अशी, की नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला शिकता येते, नोकरी मात्र सहसा करता येत नाही. २०१५ पासून अशांपैकी काही जणींना कामाचे परवाने मिळू लागले. हिलाही मिळाला, पण एका कचेरीत साहेबांनी विचारले, "इथले शिक्षण काय?" झाले! बाईसाहेबांनी दोन वर्षांच्या कॉलेजात नाव घातले आणि हिशेबाचा श्रीगणेशा पुन्हा गिरवायला घेतला.

मला ते मुळीच रुचले नाही. एम.कॉम. झालेल्या बाईने पस्तिशीत पोरासोरांच्या बाकावर बसायचे? पुण्यात कोणाला सांगायची सोय नाही! माझा चेहरा तिने ओळखला असावा. एके संध्याकाळी म्हणाली, "आई, चला माझ्याबरोबर. एकदा बघा तरी."

कॉलेजचे नाव डी अँझा. ते १९६७ साली सुरू झाले. जागा पूर्वी द्राक्षमळ्याची. त्या वेळचा एक देखणा बंगला आवारात अजून जपून ठेवला आहे. अशा सरकारी कॉलेजांतले सर्वांत जुने इलिनॉयमधल्या जोलिएट गावचे. १९०१ साली ते अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी उघडले. आता ती देशभर आहेत. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही दार उघडे. राज्यातल्या रहिवाशाला फी युनिटमागे ३१ डॉलर. दोन वर्षांचा अभ्यास पुरा करून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठातही जाता येते.

मी बाहेर बाकावर बसून वर्गात जाणारी माणसे पाहत राहिले. अठरा वर्षांची पोरे होतीच. पण हॉटेलातला गणवेश न बदलता आलेली एक बाई होती, माझ्या भावाच्या वयाचे एक पिकल्या केसांचे गृहस्थ होते. कोणी कोणाकडे नवलाने पाहत नव्हते. नवल वाटत होते ते एकटीला मला!

परतताना मी गप्प होते. मीही एकदा कॉमर्सला नाव घातले होते. पहिल्याच वर्षी लग्न ठरले आणि पुस्तके धाकट्या भावाकडे गेली. त्याबद्दल मी आजवर कोणाशी बोलले नव्हते.

दिवाळीच्या आदल्या रात्री सूनबाई कागद पसरून बसली होती. तेरीज जुळत नव्हती. दोन्ही बाजूंत २७ डॉलरांचा फरक. अकरा वाजले तरी बेरजा चालूच. मला राहवेना. माझे वडील पेढीवर कारकून होते. सळ पाडलेल्या लाल चोपडीत त्यांनी जन्मभर कीर्द-खतावणी लिहिली. मी म्हटले, "अगं, फरकाला नवाने भाग जातो का बघ. जात असेल तर कुठेतरी आकडे उलटे पडले असतील."

तिने पान उलटले. एका ठिकाणी ५८ चे ८५ झाले होते!

"आई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

मग मी तिला सगळे सांगितले: वडिलांची चोपडी, माझे सोडलेले कॉलेज. वडिलांच्या चोपडीत जमा डावीकडे नि नावे उजवीकडे. हिच्या पुस्तकात डेबिट डावीकडे. बाजू बदलल्या, पण दोन्हींचा मेळ बसला पाहिजे हा नियम तोच. आम्ही रात्री एकपर्यंत बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. माहेरी पाटावर चोपडी ठेवत, तशी मी तिच्या हिशेबाच्या वहीला हळदकुंकू वाहिले. तिला नोकरी लागेल की नाही, मला ठाऊक नाही. पण आता पुण्यात कोणी विचारले, "सूनबाई काय करते?" तर मी ठणकावून सांगते, "कॉलेजात जाते!"