लॉक असलेला मोबाइल घरी कसा कळवणार?

एका संध्याकाळी अंबरनाथ स्टेशनवरून रिक्षावाल्याने पन्नाशीच्या एका गृहस्थांना माझ्या दवाखान्यात आणले. अंग घामाने चिंब, बोलणे बंद. खिशात मोबाइल होता, पण लॉक. रक्तातली साखर तपासली, 38! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते सावरले, पण गोळीचे नाव आठवेना. मधुमेहाच्या काही गोळ्यांमुळे साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून नाव कळणे गरजेचे होते. त्यांनी मोबाइल उघडून पत्नीला फोन लावला, तेव्हा ते कळले.

ते शुद्धीवर आले म्हणून मोबाइल उघडला. आले नसते तर?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून रोज लोकलने जात असाल, तर आजच दोन कामे करा.

1. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी’ शोधा. आयफोनमध्ये ‘हेल्थ’ अ‍ॅपमधील ‘मेडिकल आयडी’ उघडा. आजार, गोळ्या, अ‍ॅलर्जी आणि जवळच्या दोघांचे नंबर भरा. फोन लॉक असतानाही ही माहिती दिसेल, असा पर्याय चालू ठेवा.

2. हीच माहिती कागदावर लिहून पासच्या कव्हरमध्ये ठेवा. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा हजाराच्या आसपास प्रवासी तासन्‌तास गाडीतच होते. अशा वेळी बॅटरी किती पुरणार?

दोनपैकी एक नंबर दुसऱ्या घरातला असावा. गोळ्या बदलल्या की चिठ्ठीही बदला. आणि घरात सर्वांना 108 (रुग्णवाहिका) व 112 पाठ असू द्या.