परसातली दहा बाय दहाची खोली

टाळेबंदीत आमच्या पेपरचं तालुक्याचं ऑफिस बंद झालं, ते परत उघडलंच नाही. तेव्हापासून बातम्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. इकडे कुकरची शिट्टी, तिकडे फोनवर नगरसेवक. शेवटी बायको म्हणाली, "अहो, परसात एक खोली बांधून घ्या, माझं स्वयंपाकघर मोकळं करा."

मिस्त्री म्हणाला, "दादा, पत्रे टाकू, आठ दिवसांत काम खल्लास. परवानगी कशाला? पत्रकाराला कोण विचारतंय?"

तिथंच अडकलो. वीस वर्षं गावातल्या अतिक्रमणांवर लिहितोय. टपऱ्या उठवल्या तेव्हा फोटो मीच काढले होते.

मग रीतसर अर्ज केला. सामासिक अंतर सोडायचं म्हणून बारा फुटांची भिंत दहावर आली. 1966 च्या नगररचना कायद्यात एक गोष्ट सापडली: अर्ज पूर्ण असेल, बांधकाम नियमात बसत असेल आणि 60 दिवसांत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं मानतात. इतकी वर्षं लिहून हे मला माहीत नव्हतं!

खिडकी उत्तरेला ठेवली, वर कौलं घातली. मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही.

काल तिथं पहिली बातमी लिहिली, अतिक्रमणाचीच. या वेळी टपरीवाल्याला आधी विचारलं, "अर्ज केला होता का?"

"साहेब, कुठं करायचा ते कुणी सांगितलंच नाही."

बातमीची सुरुवात त्याच वाक्यानं केली. कुणाला अर्ज लिहायचा असेल तर या. परसदार उघडंच असतं.